राजेळीत तोललेली मुलं

भुईगावात मूल मोजत नसत. बाकी सगळं मोजत. केळीचे लोंगर मोजत, नागवेलीची पानं मोजत, विहिरीवर कुणाच्या रहाटाची पाळी किती लांबली ते सावलीवर मोजत, आणि शेजाऱ्याचं कुंपण पावसाळ्यात किती सरकलं तेही पावलं टाकून मोजत. पण "पोर केवढं झालं गो?" असं कुणी विचारलं, की आई त्या पोराकडे जरा नाराजीनेच बघायची आणि म्हणायची, आहे तेवढंच आहे. गुटगुटीत मुलाला किडकं म्हणायचं, खरोखर किडक्या मुलाबद्दल काही बोलायचं नाही, आणि कुणी वय विचारलं तर त्यातलं एखादं वर्ष घरी ठेवून यायचं, अशी रीत होती. मोजलेलं मूल खुंटतं. या एका बाबतीत हिंदूंची आळी आणि ख्रिस्ती आळी यांच्यात कधी मतभेद झाला नव्हता.

काशिनाथ राऊतांची बायको प्रेमलता हे जाणून होती. तिचं माहेर केळव्याचं, आणि केळव्यालाही मूल मोजत नसत. ती उंच होती, भराभर चालायची आणि हळू बोलायची. अंबाड्यात फुलाच्या जागी बहुतेक वेळा पेन्सिल खोवलेली असायची. ती सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाली तेव्हा तिच्या वडिलांनी गावात पेढे वाटले आणि पेढे संपायच्या आत स्थळ बघायला घेतलं. आता लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. यावरून भुईगावात तिला कुणी तोंडावर काही म्हटलं नव्हतं. गाव तसं सभ्य होतं. डोहाळजेवणाचं बोलावणं तिला न चुकता यायचं. फक्त ओटी भरायची वेळ झाली की कुणीतरी तिला आत नारळ खवायला पाठवायचं. प्रेमलता नारळ फार सुंदर खवायची.

तिची बालवाडी सुरू झाली तीही कुणी न ठरवता. राऊतांच्या वाडीत राजेळी केळी होती. त्यांची सुकेळी करतात. केळी सोलून मांडवात उन्हाला ठेवायची, ती वाळून मधाच्या रंगाची झाली की पानात बांधायची. सुकेळ्यांचा हंगाम नसला की मांडव रिकामा. वाडीत कामाला येणाऱ्या बायकांची पोरं तिथे सावलीला बसायची आणि एकमेकांना चावायची. प्रेमलता त्यांच्यात जाऊन बसली. सुपारीची गळलेली विरी, म्हणजे झावळीचं रुंद पन्हाळीसारखं बूड, घ्यायची, तीत एका पोराला बसवायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, हा तिथला पहिला अभ्यासक्रम. मग गाणी आली, मातीचे बैल आले, जेवायच्या आधी हात धुणं आलं. वर्ष झालं तेव्हा आळीतल्या मुलांबरोबर ख्रिस्ती आळीतलीही मुलं येऊ लागली, आणि गावाने त्या मांडवाला बालवाडी म्हणायला सुरुवात केली.

१९५४ सालच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला. पुढच्या जूनपासून प्रत्येक बालवाडीला सरकारी मदत मिळणार होती. दूध मिळणार होतं, पाट्या मिळणार होत्या. मात्र तिथल्या बाईकडे बालसंगोपनाचा प्राथमिक दाखला हवा. नसेल तर दाखला असलेली बाई पाठवण्यात येईल. वसईत अशी एक बाई तयारच होती. तिला चार मुलं होती, आणि ती यायला राजी होती.

प्रेमलताने तो निरोप दोनदा वाचला. मग नवऱ्याला म्हणाली, "मला शिकायला जायचंय." काशिनाथ माणूस बरा होता. त्याने विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, दोन महिने तिकडे, मग इथेच काम करून दाखवायचं आणि शेवटी परीक्षा. तो म्हणाला, जा. तिची सासू जिजा काहीच बोलली नाही. जिजाला नाही म्हणायचं असलं तर ती बोलायची.

केंद्र डहाणूकडे होतं, चिकूच्या एका बागेत. प्रवेशाच्या वेळी तिथल्या मुख्य बाईंनी, सुमनताईंनी, प्रत्येकीला विचारलं की इथे असताना तुमची मुलं कोण सांभाळणार. कुणी आई म्हणालं, कुणी नणंद. प्रेमलता म्हणाली, "तो प्रश्न नाही." सुमनताईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि पुढच्या बाईला तोच प्रश्न विचारला. सुमनताई पुण्याच्या. पांढरं पातळ, अंगाने चांगल्या भरलेल्या, बोलणं मोजकं. मुलाला ‘नको’ म्हणू नये, हे त्या बायकांना सांगताना दर वाक्यात ‘नको’ म्हणायच्या.

तिथे प्रेमलता पुष्कळ शिकली. मूल चावतं तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं. मूल मातीत खेळतं तेव्हा ते काम करत असतं. आणि मूल बोलत नाही तेव्हा त्याचं वजन बोलतं. हे शेवटचं सुमनताईंचं विशेष आवडतं होतं. गावी परत गेल्यावर सहा महिन्यांत प्रत्येक मुलाचं वजन आणि उंची तीनदा घ्यायची, त्या नोंदी नसतील तर दाखला नाही. बाकी गाणी-खेळ कमी पडले तर एकवेळ चालवून घेऊ, असं त्या म्हणाल्या होत्या. केंद्रात काटा होता, पट्टी होती, आणि चिकूच्या बागेतली मुलं शहाण्यासारखी काट्यावर येऊन बसायची. त्यांच्या आया तिथे नसायच्या.

भुईगावात आल्यावर प्रेमलताने मुलांकरवी निरोप दिला की सोमवारी वजनं करायची आहेत. सोमवारी मांडवात कुणी आलं नाही. मंगळवारी सगळी आली. कुणाला सोमवारी ताप होता, कुणी मामाकडे गेलं होतं, प्लासिडच्या आईने सांगून पाठवलं होतं की प्लासिडला ‘कसंतरी’ होत होतं. प्रेमलताने मग गुरुवार ठरवला. गुरुवारी भुईगावातल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पुन्हा कसंतरी झालं. कुणी नाही म्हटलं नाही. कुणी भांडायला आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, निदान बोलता आलं असतं.

संध्याकाळी जिजा ओटीवर सुपारी कातरत होती. प्रेमलता म्हणाली, "आई, यांना काट्याची एवढी भीती का वाटते?"

"काट्याची नाही वाटत."

"मग?"

जिजाने सुपारीचं खांड उजेडात धरून बघितलं. "तू काटा घेऊन बसलीस तर कोण पोर आणून घालील?"

प्रेमलताला आधी वाटलं, सासूने ‘काटा’वर जोर दिला. मग लक्षात आलं की तो ‘तू’वर होता. ती उठून आत गेली आणि तांदूळ निवडले. तांदूळ सकाळीच निवडून झालेले होते.

तसं तिला मुलांशी सगळं करू देत. हात धुवायची, नाकं पुसायची, झोपलेल्यांवर गोधडी घालायची. पण मूल उचलून कडेवर घेणं, आणि तेही त्याच्या आईसमोर, हे तिने कधी केलं नव्हतं. करू नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं. काही गोष्टी नारळ खवता खवता कळतात.

केंद्रात तिच्याबरोबर असलेली एक जण शेजारच्याच गावची होती. ती बाजारात भेटली तेव्हा प्रेमलताने तिला विचारलं की तुझ्याकडे वजनांचं कसं चाललंय. ती म्हणाली, माझी झाली पण. तीनही वेळची. ऑगस्टातच. प्रेमलता तिच्याकडे बघत राहिली, तर ती म्हणाली, "अगं, मूल वाढायचंच आहे ना? मग आपण आधी वाढवलं तर काय बिघडलं?" प्रेमलता घरी आली. तिलाही मनाने आकडे लिहिता आले असते. पण ते लिहायचे तर मुलांकडे बघून लिहायला हवेत, आणि एकदा बघत बसली की तिला खरंच जाणून घ्यावंसं वाटायचं की सत्यवती एवढी हलकी का दिसते.

सत्यवती ही रंभाची मुलगी. रंभाचं माहेर खाडीच्या बाजूचं, भातशेतीवालं. लग्न होऊन ती भुईगावात आली आणि आता राऊतांच्या वाडीत शिंपण करायची. एवढंसं नाव शोधायचं सोडून तिने मुलीला सासूचं नाव ठेवलं होतं. सत्यवती तीन वर्षांची होती आणि तिच्या नावाखाली नीट दिसायची नाही. श्रावणात तिला डांग्या खोकला झाला. रंभाने गावदेवीला नवस केला आणि खोकला गेला. नवरात्रात रंभा काशिनाथकडे आली. मुंबईला जाणाऱ्या केळ्यांच्या पाट्या तोलायचा मोठा काटा त्याच्याकडे होता, लाकडी पारड्यांचा. तो तिला एका दिवसापुरता हवा होता. सत्यवतीची केळ्यांनी तुला करायची होती.

प्रेमलता देवळात गेली ती मागे उभी राहिली. काटा आंब्याच्या फांदीला टांगला होता. एका पारड्यात सत्यवती, नवा परकर नेसलेली, काटा आपल्यासाठीच केलाय अशा थाटात बसलेली. दुसऱ्या पारड्यात केळ्यांच्या फण्या चढत होत्या. आणि रंभा, जिने दोन्ही वेळी मुलगी मामाकडे पाठवली होती, ती रंभा ओरडून सांगत होती, "आनखी ठेवा. माजी पोर काय तेवड्यात उचलायची नाय." सगळ्या बायका हसत होत्या. मूल जड भरावं, अशी प्रत्येकीची इच्छा होती. तुला झाली की ती केळी देवीची. आईने त्यातलं एकही घरी न्यायचं नाही. ती तिथेच पोरांना वाटली आणि पोरांनी तिथेच खाल्ली.

घरी येताना प्रेमलता एरवी चालायची त्याच्या दुप्पट वेगाने चालली. जिजा मागे राहिली. ती अंगणात पोचली तेव्हा सून पायरीवर तिची वाट बघत बसली होती.

प्रेमलता म्हणाली, "आई, बालवाडीतल्या मुलांची तुला केली तर?"

"कुणाच्या नवसाची?"

"त्यांच्या आयांनी बोलावा नवस."

"पोर बरं असताना कोण नवस बोलतं? देवीला काय वाटेल?" जिजा पायरीवर टेकली. तिने पायातले काटे बघितले, पदराने तोंड पुसलं, आणि बराच वेळ वाडीकडे बघत बसली. तिथे पाण्याच्या पाटाजवळ राजेळीची एक रांग होती, जिची केळी ती कधी सुकेळ्यांना देत नसे. का देत नाही, हे तिला घरात कुणी विचारलं नव्हतं.

"माझा एक नवस आहे," ती म्हणाली. "तुझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बोलले. घरात पोर आलं की ते शाळेत जाईपर्यंत दर मोठ्या सणाला राजेळीने तोलीन म्हणून. तो तसाच पडलाय."

प्रेमलताने पाटाजवळच्या त्या रांगेकडे बघितलं.

"तो घे. देवीला पोर तोलून हवं होतं. कुणाचं, ते मी बोलले नव्हते."

एवढं बोलून ती पाय धुवायला गेली. प्रेमलता पायरीवर बसून राहिली. वाऱ्याने केळीची पानं हलत होती आणि त्यांचा आवाज, लांबून कुणी नवं लुगडं उलगडावं तसा, अंधार पडेपर्यंत येत राहिला.

नवस जिजाचा म्हटल्यावर गावाचा सूर बदलला. जिजाच्या नवसाला नाही म्हणणं म्हणजे देवीला नाही म्हणणं, आणि शिवाय जिजाला. दिवाळीच्या पाडव्याला काटा मांडवात टांगला गेला. जिजाने नियम सांगितले. केळी राजेळीचीच. लोखंडी वजनं काट्याजवळ आणायची नाहीत; पोर म्हणजे काही मिरची नव्हे. मूल पारड्यात ती स्वतः ठेवणार आणि ती स्वतः उतरवणार. सून लांब बसून लिहील, कारण सुनेला लिहिता येतं. हे शेवटचं कारण सगळ्यांना फार पटलं.

ख्रिस्ती आळीतली मुलं येतील की नाही याची खात्री नव्हती. पण प्लासिडची आई तेरेज त्याला घेऊन आली, सोबत स्वतःच्या वाडीतल्या राजेळीच्या फण्या घेऊन. तिने जिजाला स्पष्ट सांगितलं की देवी तुझी आहे, माझी चर्चमधली सायबीण आहे, काटा दोघींचा. प्लासिडच्या तुलेची केळी ती चर्चच्या फाटकापाशी वाटणार होती. जिजाने विचार केला आणि म्हणाली, काट्याला काय कळतंय.

उंचीचा प्रश्न तेरेजनेच सोडवला, तोही नकळत. ती म्हणाली, आमच्यात पोराएवढ्या उंचीची मेणबत्ती बोलतात. पोराच्या टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा धरायचा आणि दोऱ्याएवढी मेणबत्ती करून आणायची. प्रेमलताने विचारलं, दोरा धरलेला चालतो? तेरेज म्हणाली, दोरा धरणं म्हणजे मोजणं थोडंच आहे. त्या दिवशी मांडवात सगळ्याच मुलांचे दोरे घेतले गेले. हिंदू बायकांचंही दोऱ्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, आणि सायबीण कुणाचं वाईट करत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

संक्रांतीला दुसरी तुला झाली, शिमग्याला तिसरी. दर वेळी दोरे घेतले गेले आणि केळी मुलांनी तिथल्या तिथे खाल्ली. संक्रांतीच्या तुलेत प्लासिड नवी फणी चढवल्याशिवाय उचलेचना, तर तेरेजने सगळ्यांकडे मान वळवून वळवून बघितलं. सत्यवतीला मात्र फार केळी लागत नव्हती. रंभा ते बघायची. संक्रांतीनंतर ती सकाळी मुलीला मांडवात सोडायला यायची तेव्हा हातात नाचणीच्या पेजेचा गडू असायचा. मांडवातच पाजून मग शिंपायला जायची. शिमग्याला सत्यवतीच्या पारड्यासमोर एक फणी वाढली. रंभाने ती फणी स्वतःच्या हाताने ठेवली.

चैत्रात सुमनताई परीक्षा घ्यायला आल्या. वसई रोडला गाडीतून उतरून टांग्याने भुईगावात पोचेपर्यंत त्यांना घाम फुटला होता. त्यांनी मुलांची गाणी ऐकली, मातीचे बैल पाहिले, एका मुलाने दुसऱ्याला चावलं तेव्हा प्रेमलताने काय केलं ते पाहिलं, आणि मान डोलावली. बायका कुंपणाला टेकून उभ्या होत्या. आपल्या बाईची परीक्षा आहे म्हणून त्या दिवशी शिंपण जरा उशिराने होणार होतं. मग सुमनताईंनी नोंदी मागितल्या.

त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"प्लासिड. राजेळी, सात फण्या आणि वर चार केळी," त्या म्हणाल्या. "हे काय आहे?"

"वजन," प्रेमलता म्हणाली.

"आणि हे दोरे?"

"उंची."

सुमनताईंनी दोरे एका बाजूला ठेवले. ते पट्टीवर मोजता येणार होते. "वजन रत्तलात हवं. राजेळीची फणी किती रत्तल असते?"

प्रेमलताने काशिनाथकडे बघितलं. तिच्या मनात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. राजेळीची फणी केवढी असते हे कुणाला माहीत नसेल, असं तिला सहा महिन्यांत एकदाही वाटलं नव्हतं. काशिनाथ बराच विचार करून म्हणाला, "राजेळीची फणी म्हणजे... राजेळीच्या फणीएवढी." राजेळी ते फणीवर विकत; तोलून मुंबईला जायची ती दुसरी केळी. मग एक फणी आत्ता तोला, असं सुमनताई म्हणाल्या. पण काशिनाथची लोखंडी वजनं सरकारी शिक्का मारून घ्यायला वसईला गेली होती, आणि एकदा गेली की ती लवकर परत येत नसत. ख्रिस्ती आळीतलीही त्याच गाडीतून गेली होती.

सुमनताईंनी नोंदी मिटल्या. त्या म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं. मुलं तोलली गेली हे दिसतंय, मेहनत दिसतेय, पण केळ्यांवर दाखला देता येत नाही. निकाल त्यांना आज संध्याकाळच्या गाडीने न्यायचा होता. प्रेमलताने मान खाली घातली आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून हातात धरली. तिला वसईच्या बाईचं तोंड दिसलं. ती बाई वाईट नव्हती. ती येऊन मुलांना उचलून कडेवर घेईल, आणि कुणाला काही वाटणार नाही.

कुंपणाजवळून रंभाचा आवाज आला. "बाई, आमची पोरं केळ्यांनी तोलली ती तुमाला कळंना. मग तुमीच बसा की एकडाव. मंग कळंल केळं केवढं ते."

हा टोमणा होता. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक-दोघी हसल्या नाहीत, कारण पाहुण्या बाईला असं बोलणं बरं नव्हतं. सुमनताईंनी काट्याकडे बघितलं. त्यांना मागच्याच महिन्यात पुण्याला डॉक्टरांनी तोललं होतं आणि तो आकडा सांगून कमी जेवायला बजावलं होतं. तो आकडा त्यांना नको तितका नीट आठवत होता. त्यांनी चष्मा काढून प्रेमलताच्या हातात दिला.

"काटा धरेल ना मला?" त्यांनी काशिनाथला विचारलं.

काटा केळ्यांच्या पाट्यांचा होता, पाट्या सुमनताईंपेक्षा जड असत, पण काशिनाथने तसं म्हटलं नाही. तो नुसतं ‘हो’ म्हणाला. सुमनताई पारड्यात मांडी घालून बसल्या. प्लासिड आणि सत्यवती अगदी जवळ येऊन बघू लागली. समोर फण्या चढायला लागल्या. मांडवातल्या संपल्या, तशा ओटीवरच्या आणल्या. त्या संपल्या, तेव्हा तेरेज धावत जाऊन स्वतःच्या घरून घेऊन आली. जिजा काट्याकडे डोळे लावून उभी होती आणि शांतपणे म्हणत होती, "अजून. अजून. घाबरू नका बाई, देवी देते." फण्या अख्खं गाव मोजत होतं, मोठ्याने, एकसुरात. गावात एवढ्या मोठ्याने कुणाचं वजन याआधी घेतलं गेलं नव्हतं. शेवटी पारडं हललं, थरथरलं आणि सुमनताई उचलल्या गेल्या.

उतरून त्यांनी सगळ्यांकडे पाठ केली आणि कागदाच्या कोपऱ्यावर हिशोब मांडला. मग तो कोपरा फाडून पर्समध्ये ठेवला. पुढे अर्धा तास त्या प्रत्येक नोंदीसमोर रत्तल लिहीत बसल्या. फणीचं वजन कुठून आलं हे त्यांनी कुठेही नोंदवलं नाही. त्यांना मुलांची वजनं रत्तलात कळली आणि भुईगावाला त्यांचं वजन फण्यांत कळलं. दोन्ही बाजूंनी त्यावर पुन्हा कधी काही बोलणं झालं नाही. तुलेची केळी मुलांना वाटली गेली. ती पोरांनीच खायची असतात, म्हणून सुमनताई भुकेल्या पोटी मुलांकडे बघत बसल्या.

"सत्यवतीचं वजन वाढलंय," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "पण अजून कमी आहे." रंभाने हे ऐकलं. पहिल्यांदाच कुणी तिच्या मुलीबद्दल असं काही बोललं होतं, आणि ती भांडायला आली नाही.

मग सुमनताईंनी पेन खाली ठेवलं. "आता माझ्यासमोर एक मूल तोलून दाखवा. पद्धत बघायचीय."

जिजा नेहमीप्रमाणे पुढे झाली. सुमनताई म्हणाल्या, "तुम्ही नाही आजी. परीक्षा यांची आहे. मूल यांनी ठेवायचं."

मांडव शांत झाला. ते का, हे सुमनताईंना माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना माहीत होतं. बायकांनी आपापल्या मुलांकडे बघितलं. तेरेजने प्लासिडचा हात धरला, मग धरल्याचं लक्षात आल्यावर सोडला. प्रेमलता काट्याजवळ उभी होती. तिने हात पुढे केले नाहीत.

सगळे जिजाकडे बघू लागले. ती सुनेला लांब बस म्हणाली होती, आता तीच काहीतरी म्हणेल. जिजाने एक हात पाठीमागे नेला.

"माझी कंबर धरली," ती म्हणाली, आणि मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसली.

जिजाची कंबर धरल्याचं भुईगावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. ती पहाटे रहाट ओढायची. ती खांबाला टेकून बसली ती कुणाकडेही न बघता बसली, आणि उठायची काही लक्षणं दिसेनात. कुणीतरी पाणी आणू का विचारलं. ती नको म्हणाली.

रंभाने सत्यवतीला पुढे ढकललं. मग तेवढं पुरे नाही असं वाटून तिला उचललं आणि प्रेमलताच्या समोर जाऊन उभी राहिली.

"धर गो," ती म्हणाली. "पायांखालून धर. तिला लोंबकळत ठेवलेलं आवडत नाय."

प्रेमलताने पायांखालून धरलं. सत्यवतीच्या तोंडाला केळं लागलं होतं आणि ते प्रेमलताच्या खांद्याला लागलं. काटा चार पावलांवर होता. सहा महिने तिने या मुलीचं वजन स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि तरी ती एवढी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती चार पावलं, एरवी भराभर चालणाऱ्या बाईच्या मानाने, फारच हळू पडली. तिने सत्यवतीला पारड्यात ठेवलं, परकर नीट केला, आणि फण्या मोजायला लागली. सुमनताईंनी पद्धत पाहिली आणि बरोबर असल्याची खूण केली.

दाखला मे महिन्यात टपालाने आला, दुसऱ्या श्रेणीचा. पहिली श्रेणी रत्तलात तोलणाऱ्यांना मिळाली. काशिनाथने तो काचेत बसवून आणला. वसईच्या बाईला दुसऱ्या गावी पाठवण्यात आलं. जूनमध्ये दूध आलं, पाट्या आल्या, आणि केंद्रातून एक लोखंडी काटा आला, तो प्रेमलताने पाट्यांच्या चळतीवर वजन म्हणून ठेवून दिला.

तुला पुढे बरीच वर्षं चालल्या. दर वेळी जिजा सकाळी उठून केळी उतरवायची, निवडायची, काटा टांगून घ्यायची. पहिलं मूल मांडवात आलं की तिची कंबर धरायची. संध्याकाळी केळी वाटून झाली की ती आपोआप सुटायची.